सिंगापूरची गाडी पुण्याला आणायची म्हटलं तर

"घरचं सगळं सामान कंटेनरने येतंयच, मग गाडीही त्यातच घालतो. दोनच वर्षांची आहे हो, तिकडे मातीमोल भावात कशाला विकू?"

फोर्टात कस्टम क्लिअरिंगच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाक्य दर उन्हाळ्यात फोनवर ऐकू येतं. फोन करणारे बहुतेक कायमचे परत यायला निघालेले असतात. मुलांच्या शाळांचं ठरलेलं असतं, पुण्यात नाहीतर ठाण्यात फ्लॅट तयार असतो, आणि लाडकी गाडी सोडवत नसते. मी त्यांना आधी रंग, मॉडेल काही विचारत नाही. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे आणि गाडी कारखान्यातून कुठल्या महिन्यात बाहेर पडली, एवढंच विचारतो. दहातले आठ फोन तिथेच संपतात.

उरलेल्या दोघांसाठी हा लेख. आकडे लिहिताना लागू असलेले आहेत. कराचे दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी कस्टम ब्रोकरकडून त्या दिवशीचे दर लेखी घ्या.

आधी गाळणी

वापरलेल्या गाडीच्या आयातीच्या अटी परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ठरवतं. त्या आयात धोरणाच्या ८७व्या प्रकरणात आहेत आणि गेली अनेक वर्षं त्यांचा गाभा बदललेला नाही. गाडी बनावटीच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत न जाणारा हवा. आयातीनंतर किमान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढा काळ तिची सर्व्हिस भारतात मिळेल, याची हमी द्यावी लागते. आणि गाडी उतरणार फक्त मुंबई बंदरात. कोरी गाडी चेन्नई, कोची, न्हावा शेवा अशा बऱ्याच ठिकाणी उतरवता येते. वापरलेलीला ती मुभा नाही.

डाव्या स्टिअरिंगमुळे दुबई, मस्कत, कुवेत, दोहा आणि अमेरिका एका फटक्यात बाद होतात. याचा सर्वांत जास्त चटका बसतो तो कोकणातल्या माणसांना, कारण रत्नागिरी-चिपळूणकडची निम्मी घरं आखातावर उभी आहेत. "तिकडेच स्टिअरिंग उजवीकडे करून घेतो" असं सुचवणारे भेटतात. करू नका. गाडी जशी बनली त्याच रूपात तिला मान्यतापत्र मिळालेलं असतं. डॅशबोर्ड फोडून, स्टिअरिंग रॅक बदलून तयार केलेली गाडी त्या कागदाशी जुळत नाही, आणि एअरबॅग तरी कुठे कशी उघडेल हे तो मेकॅनिकही सांगू शकत नाही.

जाता जाता एक गंमत. डाव्या स्टिअरिंगची गाडी भारतात चालवायला मोटार वाहन कायद्यात सरसकट बंदी नाही. कलम १२० एवढंच म्हणतं की तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवरचं इशारा देणारं साधन हवं. संस्थानिकांच्या काळातल्या जुन्या अमेरिकन गाड्या रॅलीत दिसतात त्या त्याच आधारावर. अडवतो तो आयातीचा नियम.

मग उरतात सिंगापूर, जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, मलेशिया, दक्षिण आफ्रिका. यातही सिंगापूर मला सर्वांत सुटसुटीत वाटतं, म्हणून उदाहरण तिथलंच धरतो.

बनावटीची तारीख: घोडं इथेच पेंड खातं

नोंदणीची तारीख आणि बनावटीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी कारखान्यातून जानेवारीत निघते, जहाजाने मार्चमध्ये पोहोचते, शोरूममध्ये उभी राहते आणि सप्टेंबरमध्ये कुणाच्या तरी नावावर चढते. मालक मनात सप्टेंबर धरून बसलेला असतो. कस्टम जानेवारी धरतं. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी अशा सात आठवड्यांनी चुकली. माणूस हिशेबाला पक्का, पण हातात होतं नोंदणीचं पुस्तक.

तारीख शोधायच्या जागा देशागणिक वेगळ्या. ऑस्ट्रेलियात गाडीवरच्या पट्टीवर बनावटीचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, तो देश या बाबतीत सोन्यासारखा. ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरचे दोन आकडे पाहून लोक वय सांगतात. '७३' म्हणजे सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४. पण ते नोंदणीचं वय झालं. जपानमध्ये देशांतर्गत विकलेल्या गाडीवर सतरा अक्षरी क्रमांकच नसतो. मॉडेलचा संकेत, मधे आडवी रेघ आणि पुढे अनुक्रमांक, एवढाच चॅसिस नंबर. त्यातून वर्ष वाचता येत नाही. युरोपियन कंपन्यांच्या सतरा अक्षरी क्रमांकातही दहावं अक्षर वर्षच सांगेल असं नाही, ती सवय अमेरिकेची.

म्हणून उपाय एकच: चॅसिस नंबर देऊन गाडीच्या कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत वितरकाकडून बनावटीच्या तारखेचं पत्र घ्या. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. ते मिळेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका. आणि तीन वर्षांची मर्यादा गाठायला चार महिने तरी बाकी असू द्या. जहाज चुकणं, बंदरात गर्दी, कागदातली एखादी दुरुस्ती, यात दोन महिने कसे जातात ते कळत नाही.

हिशेब, तोही पाटी घेऊन

"मी गाडी पंधरा लाखांना घेतली, म्हणजे कर पंधरा लाखांवर लागेल." हा गैरसमज सर्वांत महाग पडतो.

वापरलेल्या गाडीचं मूल्य ठरवताना कस्टमचा प्रघात असा, की गाडी बनली त्या वर्षीची तिची कोऱ्या गाडीची किंमत घ्यायची आणि त्यातून घसारा वजा करायचा. पहिल्या वर्षासाठी १६ टक्के, दुसऱ्यासाठी १२, तिसऱ्यासाठी १०. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवला की आकारणीचं मूल्य मिळतं. भाड्याचा कागद नसेल तर मूळ किमतीच्या २० टक्के आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के धरले जातात. तेव्हा खऱ्या खर्चाच्या पावत्या जपा, त्या जवळजवळ नेहमी स्वस्त पडतात.

समजा, गाडीची तेव्हाची कोरी किंमत ३० लाख रुपये होती आणि तिला दोन वर्षं पूर्ण झालीत. घसारा २८ टक्के, म्हणजे मूल्य २१ लाख ६० हजार. भाडं आणि विमा मिळून २ लाख ४० हजार धरू. झाले २४ लाख.

फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाडीवरचं मूळ सीमाशुल्क १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आलं. बातम्या वाचून माझा फोन आठवडाभर वाजत होता. पण त्याच कागदावर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आला आणि समाजकल्याण अधिभार गेला. आधी १२५ आणि त्यावरचा अधिभार साडेबारा, मिळून १३७.५. आता ७० अधिक ६७.५, मिळून १३७.५. नाव बदललं, गाव तेच.

२४ लाखांवर १३७.५ टक्के म्हणजे ३३ लाख. मूल्य आणि शुल्क मिळून ५७ लाख, आणि या ५७ लाखांवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के दर आहे, भरपाई उपकर गेला. ५७ लाखांचे ४० टक्के २२ लाख ८० हजार. सरकारी तिजोरीत जाणारी एकूण रक्कम ५५ लाख ८० हजार रुपये.

गाडी चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंतचं असेल तर आयजीएसटी १८ टक्के लागतो, डिझेलला ही मर्यादा १५०० सीसी. तिथे हाच आकडा ४३ लाखांच्या आसपास येईल. पण चार मीटरची गाडी कोण समुद्रापलीकडून आणतंय!

आता या रकमेत तुमची खरेदी, भाडं, तपासणी, बंदराचे आकार आणि आरटीओचा कर मिळवा. ३० लाखांच्या कोऱ्या गाडीची दोन वर्षं वापरलेली बहीण दारात उभी राहीपर्यंत पाऊण कोटीच्या पुढे जाते. तीच गाडी भारतात जुळणी होऊन विकली जात असेल तर इथली कोरी कमी पैशांत येते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाचवायला गाडी आणू नका. इथे मिळतच नाही असं मॉडेल असेल, किंवा त्या गाडीत जीव गुंतला असेल, तरच हा खटाटोप.

कायमचे परत येणाऱ्यांना सवलत असेल, अशी आशा सगळ्यांना असते. घरगुती सामानाला ती आहे. बॅगेजच्या नियमांतून मोटार मात्र वगळलेली आहे. गाडी फ्रिज आणि सोफ्यासोबत एकाच कंटेनरमध्ये आली तरी तिचा कागद वेगळा, कर पूर्ण. भेट म्हणून मिळालेल्या गाडीचीही तीच गत. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी मिळाली. तिच्यावरच्या १ कोटी १३ लाखांच्या शुल्काची माफी देण्यावरून एवढा गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ते पैसे फियाट कंपनीने भरले. तेंडुलकरला जमलं नाही ते आपल्याला काय जमणार.

सिंगापूर का, आणि बाकीच्यांत काय अडतं

सिंगापुरात स्टिअरिंग उजवीकडे, वेग किलोमीटरमध्ये, वाहतूक डावीकडून. तीन अटी बसल्या जागी पूर्ण. त्याखेरीज तिथली वाहननोंदणीची पद्धत निर्यातीला पोषक आहे. तिथे गाडी घेण्याआधी सीओई नावाचा दहा वर्षांचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो, आणि कित्येकदा तो गाडीपेक्षा महाग असतो. मुदतीआधी नोंदणी रद्द केली तर उरलेल्या काळाचा परतावा मिळतो. त्याशिवाय पात्र गाडीला पीएआरएफ नावाचा आणखी एक परतावा आहे. म्हणून स्वतःची गाडी आणणाऱ्याने ही नोंदणी रद्द करण्याची कामं तिथे असतानाच उरकावीत. तिसऱ्याकडून घेणाऱ्याने 'बॉडी व्हॅल्यू'चा भाव विचारावा. रस्त्यावरच्या किमतीचा तिथे संबंध नाही, कारण परतावे मूळ मालक घेऊन जातो. बॉडी व्हॅल्यू ऐकून हुरळून मात्र जाऊ नका. वरचा हिशेब आठवा, इथलं मूल्य त्या स्वस्त भावावर ठरत नाही.

जपानच्या गाड्या निगुतीने राखलेल्या असतात, आणि लिलावातल्या गाडीबरोबर येणारा तपासणीचा तक्ता मला जगातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. ४.५ किंवा ४ दर्जा चांगला, ३.५ ठीक, आणि 'आर' किंवा 'आरए' लिहिलेलं असेल तर गाडीला अपघात होऊन दुरुस्ती झालेली आहे. विक्रेत्याने केलेला तक्त्याचा सारांश घेऊ नका, मूळ जपानी तक्ता मागवून तो स्वतंत्र माणसाकडून वाचून घ्या. अडचण पुढची. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या कित्येक मॉडेलांना भारतात ना सर्व्हिस, ना सुटे भाग. पाच वर्षांच्या सर्व्हिसची हमी कुणाच्या जिवावर देणार?

ब्रिटनमध्ये स्पीडोमीटर मैलांत. डिजिटल पडदा असेल तर सेटिंगमध्ये किलोमीटर करता येतात. काट्याचा असेल तर कंपनीचा किलोमीटरचा डायल बसवून त्याची पावती ठेवावी लागते. थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडीचं पोट गंजतं, ते खाली वाकून पाहायला माणूस पाठवा. फोटोत पोट दिसत नाही.

कुठूनही आणा, पण भारतात विकलं जाणारं किंवा निदान त्याच कुटुंबातलं मॉडेल निवडा. सर्व्हिसची हमी, सुटे भाग, विमा, नोंदणी, सगळीकडे वाट सोपी होते. आणि उत्सर्जनाचे कागद तपासा. १ एप्रिल २०२०पासून भारतात बीएस-६ या धुराच्या मानकाशिवाय नोंदणी होत नाही, त्याच्या तोडीची मान्यता गाडीच्या मूळ प्रमाणपत्रात दिसली पाहिजे.

गाडी हलण्यापूर्वीची फाइल

ही फाइल तिकडेच पूर्ण करायची. "मागाहून मेल करतो" म्हणणारा विक्रेता पैसे मिळाल्यावर फोन उचलत नाही.

बनावटीच्या तारखेचं पत्र सर्वांत वर लावा. त्याखाली बिल, आणि गाडी तुमच्या नावावर असल्याचा नोंदणीचा कागद. निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा दाखला. जपानमध्ये याला निर्यात रद्दीकरण प्रमाणपत्र म्हणतात, ब्रिटनमध्ये कायमच्या निर्यातीची नोंद वाहन खात्याकडे करावी लागते. गाडी बनताना मिळालेलं मूळ मान्यतापत्र, म्हणजे होमोलोगेशनचा दाखला. जहाजावर चढण्याच्या ऐन आधी मान्य संस्थेकडून झालेल्या तपासणीचा दाखला. गाडीचं उरलेलं आयुष्य सांगणारं तुमचं घोषणापत्र. बनावटीच्या वर्षातली छापील किंमतयादी, कारण मूल्याचा वाद याच कागदावर सुटतो. बँकेतून पैसे गेल्याची स्विफ्टची प्रत.

तपासणीचा दाखला कुणाकडून घ्यायचा, इथे बरेच जण घसरतात. गल्लीतल्या गॅरेजचा किंवा तिथल्या वार्षिक फिटनेसचा कागद चालत नाही. संस्था भारत सरकारने अधिसूचित केलेली हवी. तिचं नाव मुंबईच्या ब्रोकरकडून लेखी घ्या आणि मगच वेळ ठरवा.

एका कागदावरचा चॅसिस नंबर दुसऱ्याशी अक्षरन् अक्षर जुळतोय का, ते बोट ठेवून पाहा. शून्य आणि ओ, एक आणि आय. एका अक्षराच्या चुकीसाठी गोदीत गाडी तीन आठवडे उभी राहिलेली मी पाहिली आहे, आणि ती चूक आमच्याच कार्यालयातल्या टायपिंगची होती.

स्वतःच्या वापरासाठी आणत असाल तर आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढायची सक्ती नाही. पॅन, आधार आणि पासपोर्टच्या प्रती मात्र तयार ठेवा.

जहाज

दोन मार्ग. रोरो जहाजावर गाडी चालवत चढवतात आणि चालवत उतरवतात. हा मार्ग स्वस्त आणि सोपा, पण गाडी उघडी हाताळली जाते. कंटेनरमध्ये ती चाकांना ठोकळे आणि पट्टे लावून बंद येते. वीस फुटीत एक, चाळीस फुटीत दोन मावतात. महागड्या गाडीला मी कंटेनरच सुचवतो.

इथे लाख मोलाची सूचना. सिंगापूरहून येणारे बरेचसे कंटेनर मुंबई बंदरात येत नाहीत, खाडीपलीकडे न्हावा शेव्याला लागतात. बाहेरच्या माणसाला दोन्ही 'मुंबई'च वाटतात. कस्टमच्या दृष्टीने ती दोन वेगळी बंदरं आहेत आणि वापरलेल्या गाडीला मुभा आहे ती मुंबई बंदराची. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर, उतरवण्याचं बंदर काय छापलंय ते मसुदा आला की लगेच वाचा, कारण मूळ बिल छापून झाल्यावर बदल करायला वेळही लागतो आणि पैसेही. घरसामानाच्या कंटेनरमध्ये गाडी घालू नका, हे मी म्हणतो ते यासाठीही.

टाकीत इंधन पाव भागाहून कमी ठेवा. बॅटरीचा खटका सोडा. गाडी आतून-बाहेरून धुऊन, चारी बाजूंनी तारखेसह फोटो काढा. डिकीत मिक्सर आणि मुलांची खेळणी कोंबू नका, जाहीर न केलेली एक वस्तू सापडली की सगळी गाडी संशयात येते. सागरी विमा पूर्ण जोखमीचा घ्या. 'फक्त जहाज बुडाल्यास' अशा स्वस्त विम्यात ओरखडा, काच आणि चोरी बसत नाही.

मुंबईत उतरल्यावर

जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचं आयातीचं विवरण, दाखल झालेलं हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड. हे काम ब्रोकर आयसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावरून करतो. ब्रोकर निवडताना वापरलेल्या गाड्या किती सोडवल्या, एवढंच विचारा. यंत्रं आणि रसायनं सोडवणारा उत्तम माणूस गाडीच्या फाइलीत चाचपडतो.

वापरलेल्या गाडीची आधी प्रत्यक्ष पाहणी, मग आकारणी, असा क्रम बहुधा असतो. याला आमच्याकडे 'फर्स्ट चेक' म्हणतात. अधिकारी चॅसिस आणि इंजिन नंबर, बनावटीची पट्टी, स्पीडोमीटर, टायरवरची तारीख, सगळं पाहतो. त्या दिवशी किल्ली आणि चार्ज असलेली बॅटरी गोदीत हजर हवी. हसू नका, किल्ली सिंगापूरला राहिल्याचे प्रसंग दर वर्षी घडतात.

त्यानंतर मानकांची चाचणी. गाडी सोडवण्याआधी ती मान्य संस्थेकडे दाखवावी लागते. नियमात नाव असलेल्या संस्थांपैकी दोन आपल्याच भागात आहेत: पुण्यातली एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. गाडीवर कर भरलेला नसताना ती गोदीबाहेर कस्टमच्या परवानगीशिवाय हलत नाही, आणि हलते ती हमीपत्र देऊन, ट्रकवर. चाचणीची तारीख जहाज लागायच्या आधीच मागून ठेवा. तारखेची वाट पाहत गाडी उभी राहिली की दोन मीटर एकदम पळू लागतात. गोदीत जागा अडवल्याचं भाडं म्हणजे डेमरेज, ते बंदराकडे जातं. कंटेनर परत न केल्याचं भाडं म्हणजे डिटेन्शन, ते जहाज कंपनीकडे. बरेच जण एक भरून सुटलो असं समजतात. वेळ लागणारच असं दिसलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली सरकारमान्य गोदामात गाडी ठेवायची परवानगी मागा, पुष्कळ स्वस्त पडतं. तीस दिवसांत गाडी सोडवली नाही तर माल लिलावात काढायचा अधिकार बंदराला आहे, हेही ध्यानात असू द्या.

आकारणी झाली की शुल्क ऑनलाइन भरायचं. इथून पुढे रकमेत उसनवारीची जागा ठेवू नका, उशिराला व्याज आहे. जहाज कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर, कस्टमकडून 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे माल सोडल्याचा आदेश, बंदराचे पैसे, आणि गाडी तुमची.

अटीत न बसणारी गाडी आलीच तर काय? जप्ती, सोडवणुकीचा दंड आणि वर वेगळी शास्ती. पूर्वी दंड भरून गाड्या सुटल्याच्या गोष्टी बाजारात आजही सांगितल्या जातात आणि काही दलाल त्याच भांडवलावर धंदा करतात. दंडावर सोडायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात आहे. दलाल पैसे घेतो, जोखीम घेत नाही.

आरटीओ

गोदीतून घरी गाडी ट्रकवरच न्या. नोंदणी आणि विम्याशिवाय फ्री वेवरून पाच किलोमीटर चालवणंही महागात पडू शकतं.

नोंदणीसाठी वीस क्रमांकाचा अर्ज, बिल ऑफ एंट्री आणि शुल्काची पावती, चाचणीचा अहवाल, परदेशातली नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहून चॅसिस नंबरचा ठसा घेतो. महाराष्ट्रात आयात गाड्यांना एकरकमी कराचा दर देशी गाड्यांपेक्षा चढा आहे, आणि १ जुलै २०२५पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. हा कर शुल्कासह झालेल्या किमतीवर बसतो, नुसत्या खरेदीवर नाही. ब्रोकरच्या अंदाजपत्रकात ही ओळ नसते, कारण त्याचं काम गोदीच्या फाटकाशी संपतं. ती तुम्ही स्वतः लिहून ठेवा.

विमा कंपनीशी गाडी समुद्रात असतानाच बोला. इथे न विकल्या जाणाऱ्या मॉडेलची विमा-किंमत ठरवताना त्या अडखळतात. बिल ऑफ एंट्रीची प्रत दिली की बोलणं सोपं होतं.

आडवाटा, आणि दोन सरळ वाटा

"दिल्लीत एक जण निम्म्या पैशांत नंबरसकट देतो" असा निरोप आला तर सावध. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम काढली. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत वाहन. भूतानमार्गे आणलेल्या गाड्या डोंगरी राज्यांत खोट्या कागदांवर नोंदवून पुढे विकल्याचा तो तपास होता, आणि गाड्या उचलल्या गेल्या त्या शेवटच्या खरेदीदारांच्या दारातून. राजनैतिक अधिकाऱ्याच्या नावाने शुल्क न भरता आलेल्या गाड्यांचाही असाच बाजार आहे. भारतात आधीच असलेली आयात गाडी विकत घेताना मूळ बिल ऑफ एंट्री मागा. आरसी बुक पुरेसं नाही.

थोड्या दिवसांसाठीच गाडी हवी असेल तर कार्नेटची सोय आहे. परदेशात नोंदलेली गाडी त्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबच्या हमीवर, शुल्क न भरता तात्पुरती आणता येते, साधारण सहा महिन्यांपर्यंत, आणि परत न्यावीच लागते. आखातातून रस्त्याने किंवा जहाजाने येणारे हौशी प्रवासी हीच वाट धरतात. गाडी इथे विकली, दुसऱ्याला दिली किंवा मुदत उलटली की हमीची रक्कम गेली.

आणि दुसरी वाट वयाची. तीन वर्षांहून जुनी गाडी बाद, पण पन्नासच्या पुढची चालते! पूर्वी १९५० आधीच्या गाड्यांनाच मुभा होती. २०२५ मध्ये ती पन्नास वर्षांहून जुन्या सगळ्या गाड्यांना मिळाली. त्यांची नोंदणीही वेगळी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपयांत. रोज ऑफिसला नेता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. सीमाशुल्क इथेही भरावं लागतंच.

फोनवरच्या त्या गृहस्थांचं काय झालं म्हणाल, तर त्यांनी कंपनीचं पत्र मागवलं. गाडी दोन वर्षं दहा महिन्यांची निघाली. त्यांनी ती तिथेच विकली, दोन्ही परतावे घेतले, आणि कंटेनरमधल्या त्या जागेत बायकोचा पियानो आला.